रॅमची दुसरी पट्टी

बस्त्यावकाका ग्राफिक कार्ड विकत घेण्यापूर्वी हुंगतात.

दुकानदाराने काचेवर ठेवलेलं कार्ड ते दोन्ही हातांनी उचलतात, पंख्यांच्या जाळीशी नाक नेतात, डोळे मिटतात आणि एक लांब श्वास घेतात. दुकानातली तरुण मंडळी आधी एकमेकांकडे बघतात, मग मोबाइल काढतात. काकांना त्याचं काही नसतं. फणस पिकला की नाही हे सालीला नाक लावून सांगणारा माणूस म्हणून गिरीज गावात त्यांची ख्याती आहे. कार्डाला नाक लावताना आपण काही वेगळं करतोय असं त्यांना वाटतच नाही. श्वास सोडला की ते निकाल देतात. "हे राबलेलं आहे." किंवा, "कोरं आहे, पण गोदामात ओल खाल्लीय." एकदा म्हणाले, "ह्याच्या मालकाकडे दोन्ही वेळ उदबत्ती लावतात."

गंमत अशी की ते बहुतेक वेळा बरोबर असतात. संगणकावर आभासी नाणी खोदणारे लोक ही कार्डं वर्षभर दिवसरात्र तापवतात आणि मग 'फक्त दोन महिने वापरलेलं' म्हणून विकतात, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तापून गेलेल्या कार्डाला जळक्या रबराचा वास येतो. आभासी नाणं म्हणजे काय, हे काकांना आजही ठाऊक नाही. पण अडुसष्ट वर्षं वाडीत काढलेल्या माणसाला राबलेलं म्हणजे काय हे कोणी सांगावं लागत नाही.

मी हे लिहितोय म्हणजे मला संगणकातलं कळतं असं कोणी समजू नये. मी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. फार तर पुस्तक हुंगून ते कोणत्या कपाटातलं आहे हे सांगू शकेन. बोळिंजच्या आमच्या फ्लॅटमध्ये गेमिंग कॉम्प्युटर आला तो माझ्या पत्नीमुळे. सुनंदा ट्रक चालवते.

झालं असं. सुनंदाने तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, आणि तीस वर्षं ती स्कूटरवर होती. शाळेत, बँकेत, अर्नाळ्याला मासळी आणायला, सगळीकडे ती स्कूटरने जायची आणि मी मागे पिशवी धरून बसायचो. निवृत्तीनंतर वर्षाच्या आत दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी स्कूटर बंद केली. चार महिने ती तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत बसून खालचा रस्ता बघत होती. 'काय बघतेस?' म्हटलं की म्हणायची, 'तो लाल शर्टवाला इंडिकेटर देत नाही.'

मग तिच्या भाचीने जुन्या लॅपटॉपवर एक खेळ घालून दिला. अठरा चाकांचा ट्रक घ्यायचा, परदेशातल्या एका शहरात माल भरायचा आणि दुसऱ्या शहरात नेऊन टाकायचा. सिग्नल पाळायचे. वेग सांभाळायचा. ह्यात कोणी मरत नाही, कोणी जिंकत नाही. मला तो खेळ म्हणजे नोकरीच वाटली. पण सुनंदाने पहिल्याच आठवड्यात जर्मनीतले टोमॅटो पोलंडला पोहोचवले आणि रात्री जेवताना ती मला तिथल्या घाटाबद्दल सांगत होती. चार महिन्यांत पहिल्यांदा तिच्या बोलण्यात खिडकी नव्हती.

लॅपटॉपला मात्र हे झेपेना. मोकळ्या रस्त्यावर ट्रक कसाबसा चालायचा, शहर जवळ आलं की चित्र गोठायचं. पुन्हा हलायचं तेव्हा ट्रक कठड्यात घुसलेला असायचा. "माझी चूक नव्हती," ती म्हणायची, आणि खुर्ची खिडकीकडे फिरवायची. तो ट्रक शहरातून न अडकता पलीकडे गेला पाहिजे, एवढं एकच काम त्या वर्षी माझ्यापुढे होतं.

आधी आम्ही एका चकचकीत दुकानात गेलो. तिथल्या काळ्या टी-शर्टातल्या तरुणाने खुर्च्या दिल्या. "सर, बजेट सांगा, बीस्ट बनवून देतो. मुलगा कोणते गेम खेळतो?"

"मी खेळते," सुनंदा म्हणाली. "ट्रक."

त्याला तो विनोद वाटला. त्याने दाखवलेल्या पेटीत इंद्रधनुष्य गरगर फिरत होतं.

"हे दिवे कशासाठी?" मी विचारलं.

"सर, लूक."

"दिवे वजा केले तर किती होतील?"

दिवे वजा होत नाहीत असं कळलं. एवढ्यात दुकानातलाच एक ग्राहक सुनंदाकडे बघून "बाई, ओळखलंत का?" म्हणत पुढे आला. तिचा जुना विद्यार्थी. बाईंचे सगळीकडे विद्यार्थी असतात. तो आम्हाला दाराबाहेर घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, "इथे नका घेऊ. गिरीजला बस्त्यावकाका आहेत, त्यांच्याकडे जा. पैसे घेत नाहीत. फक्त ते सांगतील तसं वागायचं."

पैसे न घेणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात तिथेच शंका रुजली.

काकांचं घर केळीच्या वाडीत. कौलारू, बैठं, अंगणात पांढरा क्रूस, पुढे लांबलचक ओटा. पाच-सहा माणसांसाठी बांधलेल्या त्या घरात ते एकटे राहतात. मरियाकाकी चार वर्षांपूर्वी गेल्या, दोन्ही मुली लग्न होऊन लांब. आम्ही पोहोचलो तेव्हा काका गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट आणि खांद्यावर पंचा अशा वेषात ओट्यावर बसून एक स्टीलची पेटी हातावर तोलत होते.

"वीज पुरवणारा डबा," ते म्हणाले. "हलका आहे. आत तांबं चोरलंय." आणि मग, "बसा. चाकं किती?"

"काय?" मी म्हणालो.

"तुमची नव्हे. बाईंच्या गाडीची. त्यांच्या विद्यार्थ्याचा फोन आला होता मला."

"अठरा," सुनंदा म्हणाली.

"रस्त्याला गर्दी?"

"शहरात. तिथेच अडकतं."

"पाऊस पडतो?"

"पडतो की."

"रस्त्यावर पाणी चमकतं?"

"मला दिसलंच नाही अजून. लॅपटॉपवर सगळा रस्ता चिखलासारखा दिसतो."

काकांनी मान हलवली. एखाद्या डॉक्टरने लक्षणं ऐकून घ्यावीत तशी. मग त्यांनी आम्हाला कॉम्प्युटर समजावून सांगितला. इतका सोपा मला तो पूर्वी कोणी सांगितला नव्हता. मदरबोर्ड म्हणजे जमीन. वीजडबा म्हणजे विहीर, ती आधी बघायची. "लोक विहीर न बघता केळी लावतात, मग बोंबलतात." प्रोसेसर म्हणजे गडी. ग्राफिक कार्ड म्हणजे केळीचा घड, गिऱ्हाईक बघतं ते तेवढंच. आणि रॅम म्हणजे ओटा. "घरात पाहुणे आले की बसायला जागा पाहिजे. ओटा लहान असला की माणसं अंगणात उभी राहतात. बाईंच्या शहरात तेच होतंय. अर्धं शहर अंगणात उभं आहे."

"आणि दिवे?" मी विचारलं.

"दिवे नाताळला लावतो आम्ही," काका म्हणाले.

मला ते पहिल्या दिवसापासून 'बाईंचे मिस्टर' म्हणतात. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, यंत्रं राहतात. "नंदाखालचं बत्तीस जीबी आजारी आहे," असं ते हळहळून सांगतात, तेव्हा यंत्र आजारी आहे की मालक, हे आपण विचारून घ्यायचं.

हा माणूस ह्या धंद्यात शिरला कसा, हेही ऐकण्यासारखं आहे. काकांच्या केळ्यांचा एक दलाल होता. त्याला रोज सकाळी सहाला फोन करून भाव विचारायचा, हा तीस वर्षांचा नेम. दलाल म्हातारा झाला, गेला. त्याच्या मुलाने, जिग्नेशने, केळी सोडून वसई स्टेशनजवळ कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान टाकलं. काकांचा फोन तरीही सहाला जायचाच. भाव विचारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नसे. शेवटी जिग्नेश वैतागून म्हणाला, "काका, केळी नाय माझ्याकडे. ग्राफिक कार्डचा भाव सांगू?" काका म्हणाले, "सांग."

अशी सुरुवात झाली. वर्षभर ते नुसते भाव ऐकत होते. मग कोणता भाव खोटा हे त्यांना कळायला लागलं. मग माल बघायला ते दुकानात गेले. स्वतः त्यांनी आजतागायत एकही खेळ खेळलेला नाही. सुनंदाने एकदा ट्रक चालवून दाखवला, तर पाच मिनिटं बघून म्हणाले, "परतीचं भाडं मिळतं का?"

खरेदीबाबत काकांचे नियम कडक. ऑनलाइन महासेलच्या दिवसांत ते मोबाइल कपाटात ठेवतात. "आधी चढवायचं, मग त्यातलंच उतरवायचं. आमच्या बाजारात असं केलं असतं तर गिऱ्हाइकाने घड डोक्यात घातला असता." डब्यावर 'अल्टिमेट' लिहिलं असेल तर ती वस्तू घ्यायची नाही. दुकानदार स्वतःहून चहा सांगतो त्या दिवशी उठून घरी यायचं. आणि सगळ्यात मोठा नियम त्यांनी आम्हाला जरा संकोचून सांगितला.

"बाई, राग मानू नका. तुमचा पितृपक्ष कधी लागतो?"

"पुढच्या आठवड्यात. का हो?"

"ते पंधरा दिवस तुमची माणसं नवी वस्तू घेत नाहीत. दुकानं ओस. जिग्नेश सकाळपासून माश्या मारत असतो, मी म्हणेन त्याला हो म्हणतो. मी सगळी मोठी खरेदी तेव्हाच करतो. आम्हाला काही अडचण नाही, पण मशीन तुमच्या घरी येणार. म्हणून विचारलं."

मी पत्रिका-मुहूर्त मानणारा नाही. मानत नाही हे चारचौघांत सांगणाराही आहे. तरी माझ्या तोंडून निघालं, "तेवढे पंधरा दिवस जाऊ देऊन घटस्थापनेला घेतलं तर?"

"घटस्थापनेला भाव चढतो," काका म्हणाले.

सुनंदाने दोन क्षण विचार केला. "माझे सासरे एसटीत होते," ती म्हणाली. "ट्रकला त्यांची हरकत असायची नाही."

तर आमच्या यंत्राचे सगळे अवयव काकांनी पितृपक्षात जमवले. कार्ड हुंगलं, वीजडबा तोलला, पेटीवर टिचकी मारून पत्र्याचा आवाज ऐकला. एका रविवारी चर्चमधली नऊची मिस्सा आटोपून ते पिशवी घेऊन आमच्याकडे आले आणि डायनिंग टेबलवर जोडणी झाली. चपला बाहेर. काम सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाने नळाला हात लावून यायचं, अंगातली वीज उतरायला. मी बघत बसणार होतो, तरी मलाही लावायला लावला. दोन तासांनी त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि बटण दाबलं. पंखे फिरले. सुनंदाने टाळ्या वाजवल्या.

मग काकांनी ते सांगितलं. "रॅमची एकच पट्टी बसवलीय. शेजारचा खण रिकामा ठेवलाय. दुसरी भाव उतरला की घेऊ. रविवारी येत जा, सांगत जाईन."

ट्रक आता गावांतून सुरेख जायचा. रस्त्यावरचं पावसाचं पाणी चमकायचं. मोठ्या शहरात मात्र अजून गचके बसायचे. कठडा नाही, पण एखादा सिग्नल तुटायचा. सुनंदाला सिग्नल तुटलेला चालत नाही. "दुसरी पट्टी आली की होईल," ती म्हणायची. आणि आम्ही दर रविवारी रिक्षा करून गिरीजला जायला लागलो.

ओट्यावर आमच्यासारखे आणखी असायचे. अर्नाळ्याचा हरेश्वर बोट लागली की यायचा. तो फुटबॉलचा खेळ खेळतो.

"काका, उतरला का भाव?"

"चढलाय."

"आजून? आवो माजा गोली बॉल बघत उबा ऱ्हातो नि बॉल जालीत जाऊन परत येतो!"

"थांबायला शिक. मासा गळाला लागेस्तोवर थांबतोस ना?"

"मासा भाव नाय सांगत काका."

मग सुकेळी यायची, वसईची वाळवलेली केळी, केळीच्याच सुक्या पानात बांधलेली. बरोबर कोरा चहा. काका जगाच्या बाजाराचं निरूपण करायचे. परदेशात म्हणे यंत्रांना विचार करायला शिकवणारे मोठमोठे कारखाने निघालेत, ते जगातली सगळी रॅम ओढून नेतायत. "एका विहिरीवर दहा टँकर लागलेत. आपली कळशी कोण भरणार?" दिवाळी गेली, नाताळ गेला. भाव दुप्पट झाला, मग त्याच्याही पुढे गेला. सुकेळी संपली की आम्ही उठायचो. काका फाटकापर्यंत यायचे. "पुढच्या रविवारी बघू," म्हणायचे.

मी संशयी माणूस आहे. ग्रंथपालाला ते व्हावंच लागतं, 'पुस्तक परत केलं होतं' हे वाक्य मी तीस वर्षं ऐकलंय. माणूस इतकी खटपट फुकट का करतो, हा प्रश्न मला त्या काळ्या टी-शर्टाच्या दुकानापासून छळत होता. जिग्नेशकडून काहीतरी मिळत असणार. एका मंगळवारी सुनंदाला न सांगता मी थेट जिग्नेशच्या दुकानात गेलो. म्हटलं, महाग तर महाग, दुसरी पट्टी घेऊनच टाकू आणि खरा भावही कळेल.

"काकांची पार्टी ना? बोळिंज?" जिग्नेशने कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "अरे, तुमचं तर जोडी गेलंय."

"कसली जोडी?"

"रॅमची. एका पाकिटात दोन येतात. सप्टेंबरमध्ये काका घेऊन गेले. काका नेहमी जोडीच नेतात, सगळ्यांसाठी."

"आमच्याकडे एकच आलीय."

"मग दुसरी काकांकडे असेल." तो हसला. "संभाळून ठेवायला सांगा हां. आज त्या एकीची किंमत तेव्हाच्या जोडीपेक्षा जास्त आहे."

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. सहा महिने बाळगलेली शंका शेवटी कामाला आली होती. घरी येईपर्यंत माझं भाषण तयार होतं.

सुनंदा हमरस्त्यावर होती. तिने आधी ट्रक बाजूला घेतला, हँडब्रेक ओढला, मग "बोला" म्हणाली. मी बोललो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आपण पैसे किती पट्ट्यांचे दिले होते?" तिने विचारलं.

"एकीचे."

"म्हणजे दुसरी त्यांच्या पैशांची. मग चोरी कशी?"

हे मला रिक्षात सुचलं नव्हतं. "साठेबाजी," मी म्हणालो. "कांद्याची करतात तशी. भाव आणखी चढला की विकतील."

"मग त्यांनी आत्तापर्यंत विकली का नाही?"

"वाट बघत असतील."

"कशाची?" सुनंदा म्हणाली. मग हँडब्रेक सोडता सोडता, "रविवारी तुम्ही बोलू नका. मी बोलेन."

रविवारी ओट्यावर आम्ही तिघेच होतो. मला बोलायचं नव्हतं, पण तयार भाषण पोटात ठेवणं अवघड असतं. सुकेळीचं पान सुटतं न सुटतं तोच मी म्हणालो, "काका, मी मंगळवारी जिग्नेशकडे गेलो होतो."

काकांचा हात थांबला. सुनंदाने माझ्याकडे तिसरीच्या वर्गाकडे बघावं तसं बघितलं.

"बरं," काका म्हणाले.

"तो म्हणाला, आमची जोडी गेलीय."

"चहा ठेवतो," म्हणून ते उठले आणि आत गेले. आम्ही ऐकत होतो. भांडं वाजलं नाही, शेगडी पेटली नाही. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात केकचा पत्र्याचा डबा होता. तो त्यांनी सुनंदापुढे ठेवला आणि उघडला. आत चंदेरी पाकिटांत सात-आठ पट्ट्या होत्या. प्रत्येकीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. 'अर्नाळा'. 'नंदाखाल'. 'बोळिंज, बाई'.

आमची त्यांनी काढून सुनंदाच्या हातात दिली.

"पहिली सहा मशीनं मी पूर्ण बांधून दिली होती," ते म्हणाले. आमच्याकडे न बघता, डब्याशी बोलल्यासारखे. "मरिया होती तेव्हा. तेव्हा लोक परत आले काय, नाही आले काय, माझ्या ध्यानातसुद्धा नव्हतं. घरात बोलणं होतं. ती गेल्यावर बघितलं, सहांतला एकही माणूस फिरकला नाही. का फिरकेल? काही बिघडतच नाही. मशीन नीट बांधलं की माणूस परत येत नाही, बाई. त्यांची काही चूक नाही."

सुनंदाने पट्टीवरची चिठ्ठी उलटून बघितली.

"वाईट बांधून बघू म्हटलं. हात धजेना. मग ही एक पट्टी मागे ठेवायला लागलो." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "तुमचा ट्रक शहरात अडकतो हे मला माहीत होतं. तुम्ही गेलात की दर वेळी ठरवायचो, पुढच्या रविवारी देऊन टाकू. मग शनिवार यायचा. मी ओटा धुवायचो."

माझ्या भाषणात साठेबाजीवर एक आख्खा परिच्छेद होता. तो मी तसाच घरी परत नेला. जाताना फक्त विचारलं, "हिचे किती द्यायचे?"

"पितृपक्षाचा भाव," काका म्हणाले. फाटकाशी पुन्हा थांबले. "बाकीच्यांना तुम्ही काही सांगू नका. मीच देईन. एकेक करून देईन. सगळ्यांना एकदम नको."

पट्टी सुनंदाने स्वतः बसवली. मला शेजारी उभं राहायचं होतं म्हणून नळाला हात लावून यावं लागलं. त्या संध्याकाळी तिने भर पावसात, गर्दीच्या वेळी, अठरा चाकं एका मोठ्या शहराच्या मधोमध घातली आणि पलीकडे काढली. एक गचका नाही. सगळे सिग्नल पाळले. शहर मागे पडल्यावर तिने ट्रक कडेला घेतला आणि चष्मा पुसला.

पुढच्या रविवारी साडेदहाला ती साडी बदलून दाराशी उभी.

"कुठे?"

"गिरीजला."

"आता काय काम आहे?"

"चपला घाला."

आपल्याकडे काम काढल्याशिवाय कोणी कोणाच्या दारात जात नाही. लग्नाची पत्रिका, सोसायटीची सही, निदान परत करायचा डबा तरी हातात लागतो. रिक्षात बसून मी काय सांगायचं ह्याचा विचार करत होतो. काहीच सुचलं नाही.

काका वाडीत वाकलेल्या केळीला टेकू देत होते. रिक्षातून आम्हाला उतरताना बघून पंच्याला हात पुसत ते धावतच आले.

"काय बिघडलं?"

"काही नाही," मी म्हणालो.

"पट्टी सैल बसली असेल."

"घट्ट बसलीय," सुनंदा म्हणाली.

"मग शहरात अजून अडकतंय?"

"नाही हो काका. छान चाललंय. सहज आलो."

"सहज," काका म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग सुनंदाकडे, मग निघून चाललेल्या रिक्षाकडे. पंचा त्यांच्या हातातच होता. हात कोरडे झाले होते तरी ते पुसतच होते. "पंख्याचा आवाज तरी येत असेल."

मी नाही म्हणण्यासाठी तोंड उघडलं.

"येतो," सुनंदा म्हणाली. "थोडासा."

"वाटलंच मला!" काकांनी पंचा खांद्यावर टाकला. "कसा येतो? घरघर की टिकटिक?"

"कधी घरघर, कधी टिकटिक," ओट्याची पायरी सावकाश चढत सुनंदा म्हणाली. "एका खेपेत सांगून नाही व्हायचं."